भीड भिकेची बहीण

यंदा ६ जानेवारीला आमच्या उमरग्यात पत्रकार दिनाचा एक छोटा कार्यक्रम झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली या तारखेला 'दर्पण' काढले, म्हणून हा दिवस. मी काही खरा पत्रकार नव्हे. शाळेत नोकरी करता करता पंधराएक वर्षे जिल्ह्यातल्या एका दैनिकाला इकडच्या बातम्या पाठवायचो, एवढेच. पण वय झाले की माणूस आपोआप 'ज्येष्ठ' होतो. त्या न्यायाने माझाही नंबर लागला. शाल, श्रीफळ, एक डायरी आणि फोटो. शाल कोणाच्या हस्ते, हे वाचकांनी ओळखले असेलच. ज्यांच्या बातम्या लिहायच्या त्यांच्याच हस्ते! वर्षभर आरसा दाखवायचा आणि वर्षातून एकदा आरशानेच हार घालून घ्यायचा, अशी ही गंमत आहे.

पण आज तक्रार त्याची नाही. प्रमुख वक्ते बाहेरगावचे होते, चांगले बोलले. ते म्हणाले, हल्ली पत्रकार आणि पुढारी यांच्यात देवघेव तेवढी उरली आहे. पूर्वी मैत्री होती. उदाहरण दिले गोविंदराव तळवलकर आणि यशवंतराव चव्हाण यांचे. एक संपादक, एक राजकारणी, दोघेही ग्रंथवेडे, कोणाचे कोणाकडे काही मागणे नाही. अशी निर्मळ मैत्री आता कुठे? सभागृहात टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी परतताना माझा भाचा बरोबर होता. तो एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. मोटारसायकल हळू चालवत तो म्हणाला, "मामा, मग आमचंच काय चुकतंय? आमदार आपले, सभापती आपले. आम्ही पण मैत्रीच करायलाव की!"

मला उत्तर सुचले नाही. पन्नास वर्षे फळ्यापुढे आणि फळ्यामागे काढलेल्या माणसाला भाच्याने असे निरुत्तर करावे, हे बरे नव्हे. तेव्हापासून विचार करतो आहे. आज उत्तर लिहितो. भाच्याला पटेल का माहीत नाही, माझ्या वयाच्या मंडळींना तर मुळीच पटणार नाही.

माझे म्हणणे असे: वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस आणि राजकारणी यांच्यातली मैत्री जितकी निर्मळ, तितकी ती वाचकाला महाग पडते. पाकीट घेणाऱ्याला आपण घेतले एवढे तरी ठाऊक असते. रात्री कधीतरी ते त्याला टोचते. मैत्री टोचत नाही. ती ऊब देते. तिच्यातून जी गोष्ट जन्माला येते तिला मराठीत फार नेमका शब्द आहे: भीड. आपली आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. भिडेपोटी माणूस स्वतःचे घालवतो आणि शेवटी भिकेला लागतो, असा तिचा अर्थ. संपादकाच्या बाबतीत फरक एवढाच की भीड त्याची असते आणि भिकेला लागतो वाचक.

आता उदाहरणानेच बोलू.

तळवलकरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९६८ ते १९९६ इतका दीर्घ काळ ते 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. इंग्रजी ग्रंथांवरचे त्यांचे लेख वाचून माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बीए झालेल्या माणसाला जग थोडेफार कळले. उमरग्यात तो अंक शिळा होऊन यायचा, तरी वाचनालयात त्यासाठी थांबणारे आम्ही तिघे-चौघे होतो. यशवंतरावांचीही गोष्ट तशीच. संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, पुढे दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती, आणि तरी पुस्तकाचा नाद सुटला नाही. 'कृष्णाकाठ' वाचताना कळते की हा माणूस राजकारणात पडला नसता तर लेखक झाला असता. दोघांवरही तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव पडला होता. म्हणजे मैत्रीचे मूळ सत्तेत नव्हते, विचारात होते. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. तळवलकरांनी त्यांच्यावर 'यशवंतराव चव्हाण : व्यक्तित्व आणि कर्तृत्व' हा ग्रंथ लिहिला. २०१७ साली तळवलकरही अमेरिकेत वारले. या मैत्रीतून त्यांनी काही पद, जमीन, फ्लॅट मिळवला असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण १९७८ चा जुलै आठवा.

राज्यात वसंतदादा पाटलांचे सरकार होते. दोन काँग्रेसचे एकत्र सरकार, उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे, आणि रोजचा कलह. शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळले आणि १८ जुलैला पवार मुख्यमंत्री झाले. वय सदतीस. पाठीत खंजीर खुपसल्याची भाषा तेव्हापासून सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. या सगळ्यात यशवंतरावांची संमती होती की नव्हती, हा वाद महाराष्ट्र अजून घालतो. आणि त्या वादात आजही एक पुरावा हमखास पुढे येतो. तो कोणता? तळवलकरांचा अग्रलेख! हे सरकार जावे ही श्रींची इच्छा, अशा अर्थाचे त्यात होते, आणि 'श्री' म्हणजे यशवंतराव असेच लोक समजले.

आता बघा. एका संपादकाचा अग्रलेख हा दुसऱ्या माणसाच्या मनातल्या इच्छेचा पुरावा कसा काय ठरतो? लोकांना ठाऊक होते की हे दोघे मित्र आहेत, म्हणूनच ना! अग्रलेख संपादकाचा, पण आवाज कोणाचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. मुंबईतल्या जाणकारांनी ते ओळखले. त्यांना कोण कोणाकडे जेवायला जातो हे माहीत होते. पण उमरग्याच्या वाचनालयात बसलेल्या सत्तावीस वर्षांच्या मास्तराला काय माहीत? मी तो छापील शब्द वेदवाक्य समजून वाचत होतो. मला वाटे, तटस्थ माणूस सांगतो आहे. कदाचित तळवलकरांचे ते स्वतःचे प्रामाणिक मत असेलही. पण ते त्यांचे की मित्राचे, हे कळायची सोय माझ्याकडे नव्हती. निर्मळ मैत्रीची किंमत वाचक मोजतो असे मी म्हणतो ते हे.

त्या मैत्रीचे गुणगान करणारे म्हणतील, गुरुजी, तुम्ही फार ताणता. बरे. मग मुंबई सोडून आपल्या मराठवाड्यात या.

पवारांचा शपथविधी झाला आणि अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने केला. पुढे काय झाले ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. माझ्या वर्गातली काही मुले आठवडाभर शाळेत आली नाहीत आणि आली तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसली. मी त्यांना काही विचारले नाही, तीही माझी भीडच.

त्या काळी मराठवाड्याचा आवाज म्हणजे औरंगाबादचे दैनिक 'मराठवाडा' आणि त्याचे संपादक अनंत भालेराव. पैशाला न विकला जाणारा माणूस कसा असतो ते बघायचे तर भालेरावांकडे बघावे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातला सैनिक, स्वामी रामानंद तीर्थांचा शिष्य, आणीबाणीत तुरुंगात गेलेला संपादक. स्वामीजींचे नाव आमच्या भागात वेगळे सांगायला नको; इथून जवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. निजामाविरुद्ध लढताना जी माणसे एकत्र आली, त्यांतली काही राजकारणात गेली, काही शिक्षणसंस्थांत, काही वर्तमानपत्रांत. पण कुटुंब एकच. गोविंदभाई श्रॉफ आणि भालेराव हे त्याच कुटुंबातले. आणि नामांतराला या मंडळींनी विरोध केला. 'मराठवाडा' दैनिकाने विरोध केला.

नामांतराला विरोध म्हणजे जाळपोळीला साथ, असे मी म्हणत नाही. मराठवाडा या नावावर त्यांचे प्रेम होते आणि त्या नावासाठी त्यांनी आयुष्य घातले होते. पण माझा प्रश्न वेगळा आहे. लढणारे, नेतृत्व करणारे आणि छापणारे सगळे एका तुरुंगातले, एका ताटातले असले, की यांना 'तुमचे चुकते आहे' असे सांगायचे कोणी? पुढारी चुकला तर संपादकाने सांगावे, अशी रीत आहे. संपादक हाच पुढाऱ्याचा जिवाभावाचा सोबती असेल तर तो सांगत नाही. पैसे मिळाले म्हणून तो गप्प बसतो असे नाही. मित्राला जे दिसते तेच त्यालाही दिसते, म्हणून. ज्या वस्तीतले कोणीच त्या ताटात जेवायला नव्हते, ती वस्ती दोघांनाही दिसली नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. साडेपंधरा वर्षे! इतका स्वच्छ माणूस, इतके स्वच्छ वर्तमानपत्र, आणि हा परिणाम. पाकिटाने याहून जास्त काय नुकसान केले असते?

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत केनेडी आणि बेन ब्रॅडली यांची मैत्री अशीच प्रसिद्ध. ब्रॅडली 'न्यूजवीक'साठी वॉशिंग्टनहून लिहायचे, आणि अध्यक्ष होण्यापूर्वीपासून केनेडी त्यांचे शेजारी. दोन्ही जोडपी एकत्र जेवायची. एकदा ब्रॅडलींनी दुसऱ्या एका पत्रकाराजवळ केनेडींच्या चिडक्या स्वभावाबद्दल चार शब्द काढले, ते छापून आले, तर राष्ट्राध्यक्ष महाशयांनी काही महिने बोलणे टाकले. म्हणजे मैत्री कुठवर, तर गोड आहे तोवर. पुढे हेच ब्रॅडली 'वॉशिंग्टन पोस्ट'चे संपादक झाले आणि वॉटरगेटच्या बातम्या छापून त्यांनी निक्सनना घरी बसवायला हातभार लावला. जगाने वाहवा केली. मीही करतो. फक्त एवढेच नोंदवतो की निक्सन त्यांच्याकडे जेवायला येत नव्हते!

मग काय, पत्रकाराने पुढाऱ्याशी बोलूच नये? मैत्री करणे पाप आहे? नाही. आपल्याच महाराष्ट्रात या मैत्रीचा धडा घालून दिलेला आहे आणि आपण तो परीक्षेपुरता पाठ करून विसरलो आहोत. टिळक आणि आगरकर.

कॉलेजातली मैत्री. १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक. कोल्हापूरच्या दिवाणाच्या प्रकरणात १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. याहून मोठी मैत्री कोणती दाखवाल? पण पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावर मते फाटली. 'केसरी'त मनासारखे लिहिता येईना. तेव्हा आगरकरांनी काय केले? मित्राची भीड धरून बोटचेपे लिहिले का? मित्र मोठा होतो आहे, आपण सांभाळून घेऊ, असे म्हटले का? १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली स्वतःचा 'सुधारक' काढला. मग त्यांनी टिळकांविरुद्ध जे लिहिले आणि टिळकांनी त्यांच्याविरुद्ध जे लिहिले, ते आज वाचले तरी अंगावर येते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर दोघे समोरासमोर उभे होते. दम्याने जर्जर झालेले आगरकर १८९५ साली गेले, चाळिशीही गाठली नाही. त्यांच्यावर मृत्युलेख लिहिताना टिळकांना गहिवरून आले, असे आपण शाळेत शिकवत आलो.

आणि शिकवताना आपण एक चूक करत आलो. मी स्वतः तीस वर्षे केली. आपण मुलांना सांगतो, "बघा, दोन थोर मित्रांची मैत्री तुटली, केवढे दुर्दैव!" अरे, कसले दुर्दैव! त्या मैत्रीत वाचकाचे एका पैचे नुकसान झाले नाही. उलट महाराष्ट्राला दोन वर्तमानपत्रे मिळाली, आणि कोण कुठे उभा आहे हे उमरग्याच्या माणसालाही कळेल इतके उघड होते. मैत्रीची जी काही किंमत होती ती त्या दोघांनी आपापल्या खिशातून मोजली. वाचकाच्या खिशाला हात लावला नाही. तळवलकर-यशवंतराव मैत्रीला टाळ्या आणि टिळक-आगरकर मैत्रीला हळहळ, हे आपले उलटे माप आहे.

आता भाच्याकडे येतो. तो म्हणतो, "मामा, बोलायला सोपं आहे. ओळख नसली तर बातमी देतंय कोण?" खरे आहे. आणि त्याची दुसरी अडचण तो तोंडाने सांगत नाही, ती मी सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. असलाच तर मोटारसायकलच्या पेट्रोलला पुरत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन आणि साहेबांचा वाढदिवस हे त्याचे सुगीचे दिवस. पुढाऱ्याविरुद्ध बातमी दिली तर पुरवणीला जाहिरात मिळत नाही, आणि जाहिरात नाही मिळाली तर वरून फोन येतो. म्हणजे मालकाने आधी त्याला भिकेला लावायचे, आणि मग आपण त्याला स्वाभिमानावर भाषण द्यायचे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय देशापुढे मांडला, पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या समितीचा अहवालही आला. त्यातून एवढे कळले की मोठ्या वर्तमानपत्रांत हा व्यवहार दरपत्रक लावून चालतो. तेव्हा भाच्याने एक जाहिरात मिळवली म्हणून मी त्याला झोडपणार नाही. मी झोडपतो आहे ते आम्हा म्हाताऱ्यांना. आम्ही त्याला सांगतो, "व्यवहार नको, आमच्यासारखी निर्मळ मैत्री कर." हा सल्ला त्याच्या कमिशनपेक्षा घातक आहे. का, ते आता सांगतो. हे सांगण्यासाठीच खरे तर एवढे लिहिले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. सास्तूर तेव्हा आमच्याच उमरगा तालुक्यात होते. ते दिवस मी पुन्हा लिहिणार नाही. त्यानंतरचे लिहितो. बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे. ज्या गावांत पडझड कमी होती तिथे दुरुस्तीसाठी हप्त्याहप्त्याने मदत. अशा दुसऱ्या प्रकारच्या एका गावात (नाव सांगत नाही) मदतीची यादी लागली. माझा एक जुना विद्यार्थी तिची नक्कल घेऊन आला. त्यात दोन घरे अशी होती की ज्यांच्या गिलाव्याला नुसती चीर गेली होती. आणि एक विधवा बाई, दिराच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत वेगळी चूल मांडून राहणारी, तिच्या दोन्ही खोल्या बसल्या होत्या, तिचे नाव नव्हते. कागदावर घर दिराचे. वेगळी चूल कागदाला दिसत नाही. पण ज्यांनी यादी केली त्यांना दिसत होती.

मी त्या गावाला दोनदा गेलो. घरे बघितली. बाईशी बोललो. तिचा मुलगा आमच्या शाळेत सातवीत होता. दीड पान बातमी लिहून काढली.

ती दोन घरे ज्यांची होती ती माणसे तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची. आणि तो पुढारी माझा वर्गमित्र. एका बाकावर बसलेलो. १९८६ साली आईला रात्री अकरा वाजता झटका आला तेव्हा त्याने आपली जीप काढून तिला सोलापूरला नेले होते, स्वतः चालवत. त्याचे पैसे विचारले तर रागावला. पुढे आई सात वर्षे जगली. अशी मैत्री. त्या मैत्रीत चहाशिवाय काही दिले-घेतले नाही.

त्याला बातमीचा सुगावा लागला. तो स्वतः घरी आला. ओट्यावर बसला. चहा घेतला. म्हणाला, "यादीवर लिहायलास म्हणं."

मी म्हणालो, "हो."

"लिही की. तुझं कामच हाय ते. पण चार दिवस थांब. मी बघतो."

एवढेच. धमकी नाही, लालूच नाही. त्याच्या स्वतःच्या चुलतघरातली माणसे भूकंपात गेली होती. बोलताना त्याचे डोळे भरले. मी चार दिवस थांबलो. मग आठ. मग वाटले, आता पहिला हप्ता वाटून झाला, आता लिहून काय उपयोग? ते दीड पान टेबलाच्या खणात राहिले. 'मी बघतो' म्हणणाऱ्याने काही बघितले नाही, आणि मी त्याला पुन्हा विचारले नाही. विचारायचे कसे? आईची जीप मध्ये उभी होती.

ती बाई पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, आठ वर्षे. मुलाने आठवीत शाळा सोडली आणि हैदराबादला कामाला गेला. एसटीने त्या गावावरून जाताना ते शेड खिडकीतून दिसायचे. मी दुसऱ्या बाजूला बसायला लागलो. बाई मात्र कुठे भेटली की हात जोडायची, "गुरुजी, तुम्ही आला होता बघायला." तिला वाटायचे, मी प्रयत्न केला आणि वरच्यांनी ऐकले नाही. तिला मी खरे सांगितले नाही.

काही वर्षांपूर्वी माझा मित्र गेला. शोकसभेत मी बोललो. "आमच्या मैत्रीत व्यवहार कधी आला नाही," असे म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता. मला पाकीट दिले असते तर मी ते तोंडावर फेकून बातमी छापली असती, याची मला आजही खात्री आहे. निर्मळ मैत्री होती म्हणून त्या बाईला आठ वर्षे पत्र्याखाली काढावी लागली. पत्रकार दिनाला वक्त्यांचे शब्द ऐकून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, आणि घरी येईपर्यंत माझेच शोकसभेतले वाक्य मला ऐकू येत होते.

तेव्हा भाचा आणि त्याच्या वयाची पोरे यांना माझे सांगणे असे. ओळख ठेवा, चहा घ्या, सुखदुःखाला जा. माणूसघाणे होऊ नका. पण ज्याचे उपकार आहेत त्याची बातमी आपण लिहू नका, दुसऱ्या वार्ताहराच्या हातात द्या आणि का देतो ते त्याला सांगा. लिहावीच लागली तर वाचकाला पहिल्या ओळीत सांगा की हा माझा मित्र आहे. मग वाचक त्या हिशेबाने वाचेल. 'चार दिवस थांब' म्हणणारा मित्र असेल तर त्याच दिवशी छापा. मैत्री टिकली तर ती आगरकरी मैत्री. तुटली तर ती मैत्री नव्हती, भीड होती. आणि मालकमंडळींना सांगणे असे की पोरांना पगार द्या. पोट भरलेल्या माणसालाच भीड मोडता येते, सगळ्यांना आगरकर होता येत नाही. आगरकरांनी गरिबी पत्करली म्हणून तालुक्याच्या वार्ताहराने उपाशी राहून बाणा दाखवावा, हे म्हणायला आपल्याला लाज वाटली पाहिजे.

असो. कार्यक्रमातली शाल धाकट्या बहिणीने नेली, तिला थंडी सोसत नाही. डायरीत हा लेख आधी हाताने लिहिला.

लिहून झाल्यावर भाच्याला वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "मामा, एवढं सगळं लिहिलाव. पण त्या गावाचं नाव, तुमच्या मित्राचं नाव का नाही लिहिलाव?"

मी गप्प बसलो. मित्राची मुले गावातच आहेत. येता-जाता वाकून नमस्कार करतात. त्यांच्या आईने परवाच तिळगूळ पाठवला.